सत्यवतीची बदली

चोर तुम्ही आहात. कोणी केलं, कसं झालं, असं तोंड करून विचारू नका. एका बाईनं वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून रोज लिहिलेलं सगळं तुम्ही एका संध्याकाळी पुसून टाकलं, आणि वरून तिलाच लबाड ठरवलं. उत्तर द्यायला ती नव्हती म्हणून तुमचं भागलं. आता झालं ते सुरुवातीपासून ऐका. तुमच्या त्या लिहिणाऱ्यांच्या मेळ्याचं नाव इथं घ्यायची गरज नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना त्याची जाहिरात नको.

भोकरखेड तेल्हारा तालुक्यात आहे, मी तिथलाच. खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण जमीन काळी आणि कपाशी छातीएवढी. तिथं बायकांची एक निंदणाची टोळी होती. इंदूबाई तिची मुकादमीण. सत्यवती त्या टोळीत पहिल्या ओळीत निंदायची. दहावी झालेली, हाताला चलाख आणि तोंडानं त्याहून. नवरा चंद्रभान, त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिच्या शेजारच्या ओळीत गजाला. गजाला एरवी घरी ब्लाऊज शिवायची, पण निंदणाच्या दिवसांत कोणाला ब्लाऊज सुचतात? मशीन झाकून तीही खुरपं घ्यायची. आई खुर्शीदबी रोज निघताना ओरडायची, "डोक्याला बांध, काळी पडशील, मग कोण करेल तुझ्याशी!" आणि गजाला रोज म्हणायची, "जो करेल त्याचं नशीब फुटेल, अम्मी, तू काहून रडून राहिली?"

फुकटच्या नेटचे सिम गावोगाव आले, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. गजालाचा भाऊ नईम अकोल्यात ऑटो चालवायचा, त्यानं आपला जुना फोन बहिणीला दिला. गावात रेंज नव्हती. देवरावच्या वावरात, धुऱ्यावरच्या बाभळीखाली मात्र चांगली रेंज यायची. दुपारच्या सुट्टीत सगळ्या बाया तिथंच भाकर सोडायच्या. कोणी पाककृती पाहायचं, कोणी कीर्तन. सत्यवतीला तिथंच नेटवरची तुमची लिहायची जागा सापडली. मराठीत लिहा, रोज लिहा, असं तुम्ही म्हणत होता. तिनं लिहिलं. पहिल्याच दिवशी पडद्यावर एक गोल चकती आली, तिच्यात हिरवा कोंब.

"गजाला, पाह्य व. काय आलं हे?"

गजालानं वाचलं. "अभिनंदन, तुम्ही अंकुर झालात."

"काय झाली मनते?" इंदूबाईनं भाकरीवरून मान वर केली.

"अंकुर."

"या वयात?" इंदूबाई म्हणाली, आणि सगळ्या टोळीला ठसका लागला.

पुढचंही गजालानं वाचून दाखवलं. आठवडाभर न चुकता लिहिलं की रोपटं. महिनाभर लिहिलं की फुलोरा. आणि वर्षभर एकही दिवस न चुकता लिहिलं की अखंड. अखंडवाल्यांचा अमरावतीला सत्कार, आणि त्यांनी लिहिलेलं सगळं तुमच्या वार्षिक पुस्तकात छापून येणार.

"अंकुर, मंग रोपटं, मंग फुलोरा," सत्यवती म्हणाली. "आन् अळी कुठी हाय? बिनाअळीचं पीक पयल्यांदाच पाह्यलं बाई मी!"

पण पुस्तकाची गोष्ट तिच्या मनात बसली. निंदताना ती दोन दिवस गप्प होती, म्हणजे काहीतरी शिजत होतं. तिसऱ्या दिवशी गजालाला म्हणाली, "माहं नाव छापून आलं असं कुठी हाय? राशनच्या कागदावर. थ्याच्यातबी आधी नवऱ्याचं. मेल्यावर तर थ्यातूनबी काढतीन. एका पुस्तकात तरी राह्यलं पायजे, होय ना व?"

एवढंच तिला हवं होतं. पैसा नको, शाल नको. तिनं लिहिलेलं, तिच्या नावानं, कागदावर.

लिहायची काय? तुम्ही वाचलं नाही, म्हणून सांगावं लागतं. ती लिहायची की आमच्याकडची तुरीची डाळ शिजत नाही, दोष पाण्याचा आहे, पण सासूला वाटते सुनेचा आहे. ती लिहायची की सपाट वावरात बाईमाणसाला आडोसा नसतो, म्हणून टोळीतल्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग डॉक्टर विचारते, पाणी काहून पीत नाही. देवरावबद्दल लिहायची, की तो बैलाला नावानं हाक मारते आणि बाईला 'ए पयली ओळ' म्हणते. फोन गजालाचा, बोटं सत्यवतीची. कागदावर काही नाही, सगळं थेट त्या फोनमधून तुमच्याकडे. गजाला रोज तिच्या खांद्यावरून वाचायची. एकच दिवस सत्यवतीनं फोन पदराखाली घेतला.

"हे नको वाचू तू. माह्या लग्नाचं हाय."

"मंग तर वाचणारच."

"पोट्टी हायेस तू अजून. ज्याच्यासाठी हाय थ्याले वाचून दाखवजो कधी. आज नाई, मी समोर असताना तर नाईच नाई. लाज वाटते." आणि लिहून झाल्यावर ती बराच वेळ एकटीच हसत होती.

गजालानं ते वाचलं नाही. शब्द दिला होता.

आता बदली म्हणजे काय ते नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं.

आमच्याकडे टोळीत बाईची जागा ठरलेली असते. एखादी आजारी पडली, कोणाच्या घरी मयत झाली, तर ती बदली पाठवते. नणंद, पोरगी, शेजारीण, कोणीही. बदली आलेली बाई तिच्याच ओळीत निंदते, आणि खाडा पडत नाही. अट एकच. सकाळी कामाला लागण्याआधी मोठ्यानं सांगायचं, मी अमकीची बदली. सगळ्यांनी ऐकलं की झालं. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. उलट जी बदली देत नाही आणि घेत नाही, तिच्या दारात मयतीलाही माणसं कमी येतात.

सत्यवतीच्या तर घरातच ते होतं. बाप जानराव अकोला टेशनावर हमाल. दंडावर पितळी बिल्ला. त्याला हिवताप यायचा तेव्हा काका तोच बिल्ला बांधून फलाटावर जायचा. "टेशनमास्तरलेबी ठाऊक होतं," सत्यवती सांगायची. "काका फलाटावर पाय ठेवल्याबरोबर ओरडे, जानरावची बदली हो! बिल्ला चालू राह्यला पायजे. खाली हात कोणाचा का असंना." तुमच्या गोल चकत्यांनाही ती बिल्लेच म्हणायची. फुलोरा मिळाला त्या दिवशी तिनं गजालाचा फोन दंडाला लावून टोळीसमोर फलाटावरच्या हमालासारखी चक्कर मारली होती.

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली. फवारण्यांवर फवारण्या झाल्या. दुकानदार म्हणेल ते, दोन-तीन औषधं एकाच टाकीत. ज्या वावरात फवारा मारला तिथं काही दिवस माणसानं शिरू नये, हे बाटलीवर लिहिलेलं असते, पण इतक्या बारीक अक्षरात की वाचायला वाकावं लागते. देवरावच्या वावरात गवत माजलं होतं. इंदूबाईनं विचारलं, "फवारा कधी मारला, भाऊ?" तो म्हणाला, "झाले की लय दिवस." आदल्या दिवशीच मारला होता. कपाशी छातीला लागत होती, पानं तोंडाला घासत होती, आणि सत्यवती पहिल्या ओळीत.

दुपारी बाभळीखाली तिनं भाकर उघडली नाही. फोन घेतला, लिहायला लागली, आणि थांबली.

"गजाला, अक्षरं दोन दोन दिसून राह्यले."

"ऊन लागलं असंल वयनी. पाणी पे."

मग तिला ओकारी झाली. तोंडातून लाळ थांबेना. बैलबंडीतून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून जीपनं तेल्हारा, तेल्हाऱ्यातून अकोला. मोठ्या दवाखान्याच्या दारात नईम ऑटो सोडून उभा होता, त्यानं आणि चंद्रभाननं तिला उचलून आत नेलं. वॉर्डात सगळे तसलेच. फवारणीवाले गडी, डोळ्यांवर ओली फडकी घेऊन. एका खाटेवर दोघं दोघं.

दुसऱ्या दिवशी तिला थोडी शुद्ध होती. दिसत काहीच नव्हतं. हात चाचपत तिनं गजालाचं मनगट धरलं.

"काल लिहिलं होतं का मी?"

"चार ओळी लिहिल्या होत्या. तेवढ्याच टाकल्या मी."

"आन् आज?"

"वयनी, आता ते काय घेऊन बसली? मरू दे त्याले."

"मरू दे काय? खाडा पडते ना व!" आवाजात जोर नव्हता, पण रागावलीच ती. "तू बदली जाय माही."

"मी काय लिहू? मले येते का तसं?"

"तुले दिसून राह्यलं ना? जे दिसते थे लिही. मले तर दिसतबी नाई." मग थांबून म्हणाली, "आन् खाली लिहिजो, बदली कोणाची थे. चोरी नाई करायची."

गजालानं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लिहिलं. वॉर्ड लिहिला, ओली फडकी लिहिली, चंद्रभान बायकोची चप्पल हातात धरून कसा उभा होता ते लिहिलं. खाली लिहिलं, 'सत्यवतीची बदली, गजाला'. पाठवल्याबरोबर तुमच्याकडून आलं, 'छान! तुमचं सातत्य टिकून आहे.'

त्याच्या दुसऱ्याच दिवशी सत्यवती गेली, दसऱ्याच्या आधी.

भोकरखेडच्या मसणवट्यातून माणसं परत आली, आंघोळी झाल्या, आणि इंदूबाई ओल्या केसांनीच गजालाच्या दारात येऊन उभी राहिली.

"आज कोण?"

"काय कोण, काकू?"

"तिच्या जागेवर आज कोण लिहीन? अखंड व्हायची होती ना थे? मंग होईन. टोळी मेली का काय?"

खुर्शीदबीनं पोरीसमोर फोन आणून ठेवला. रेंजसाठी गजाला आणि इंदूबाई बाभळीपर्यंत चालत गेल्या. गजालानं लिहिलं ते सगळंच इथं देतो, कारण ते तिला पाठ आहे आणि तुमच्याकडं आता ते नाही.

'सत्यवती आज वारली. परवापर्यंत ती इथं लिहीत होती. देवरावच्या वावरात फवारा मारला होता आणि त्यानं सांगितलं नाही. ती पहिल्या ओळीत होती. तिला पुस्तकात यायचं होतं. आम्ही तिचा खाडा पडू देणार नाही. सत्यवतीची बदली, गजाला.'

तुमच्या मेळ्यातल्या लोकांनी खाली लिहिलं, 'वा! काळजाला भिडलं.' एकानं लिहिलं, 'मस्त कल्पना, लिहीत राहा ताई.' एका शहाण्यानं लिहिलं, 'शेवट आणखी फुलवता आला असता.' आणि खुद्द तुम्ही, मंडळाच्या नावानं, एक लाल बदाम टाकून लिहिलं, 'तुमच्या लेखणीला सलाम! उद्याही वाट पाहतो.'

गजालानं वाचून दाखवलं. इंदूबाईला पहिल्यांदा कळलंच नाही.

"फुलवाचा काय होता शेवट?"

"काकू, त्यायले वाटलं गोष्ट हाय."

"खाली बदली लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं."

"मंग आपलं काम आपण केलं. वाचणं त्यायचं काम हाय."

असं सुरू झालं. ज्या दिवशी जिची पाळी, ती बाभळीखाली बसून सांगायची आणि गजाला लिहायची. इंदूबाईनं टोळीचं लिहिलं. सुभद्रा म्हणून एक कमी बोलणारी बाई होती, तिनं कापूस वेचताना बोटं कशी चिरतात ते असं सांगितलं की गजालाच्याच बोटाला झोंबलं. देवरावनं धुऱ्यावर बसायला मनाई केली, तर बाया रेंज पोचायची तिथवर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून सांगू लागल्या. प्रत्येक दिवशी खाली नाव. सत्यवतीची बदली, इंदूबाई. सत्यवतीची बदली, सुभद्रा. एक दिवस खुर्शीदबीनंसुद्धा सांगितलं, अर्धं उर्दूत, आणि खाली हट्टानं आपलं पूर्ण नाव घालायला लावलं. एकही दिवस कोणी लपवलं नाही. तुमच्या डोळ्यांसमोर ठेवलं, रोज.

आणि रोज तुमच्याकडून तेच. 'छान! तुमचं सातत्य टिकून आहे.'

वैशाख लागल्यापासून चंद्रभान रोज दिवेलागणीला गजालाच्या ओट्यावर यायचा. वहाणा खाली काढायचा, वर यायचा नाही, पायरीवरच बसायचा.

"झालं का आज तिचं?"

"झालं, भाऊ."

"मंग एक वाच."

सत्यवतीचं जुनं लिहिलेलं, पहिल्यापासून, रोज एक, गजाला त्याला वाचून दाखवायची. गावात रेंज नव्हती, म्हणून ती दुपारी रेंजमध्येच उघडून फोन तसाच घेऊन यायची. डाळीचं ऐकलं त्या दिवशी चंद्रभान म्हणाला, "माह्या मायले बोलली का व हे? मले वाटे हिले काई वाटत नाई." गजालानं त्याला सांगून ठेवलं होतं की पुढं लग्नाचं आहे. तो म्हणाला, "मधातूनच नाई वाचायचं. येऊ दे थे आपल्या पायानं." रोज एक असं ते पुढं सरकत होतं. मृगाच्या पेरण्या झाल्या, निंदणं पुन्हा सुरू झाली, आणि लग्न आता आठ-पंधरा दिवसांवर आलं, असा तो हिशेब बोटांवर करायचा.

तेव्हाच तुमचं बोलावणं आलं. सत्यवती अखंड झाली होती.

फोनवर सोनेरी चकती आली, तिच्यात कणीस. कपाशीच्या मुलखातल्या बाईला कणीस. टोळीनं फोन हातोहात फिरवला. इंदूबाईनं चकतीवर हळद-कुंकू लावलं, पडदा खराब झाला, गजालानं ओढणीनं पुसला. पुढच्या आठवड्यात अमरावतीला सत्कार होता, आणि पुस्तकाचं काम त्यानंतर सुरू होणार होतं.

चंद्रभाननं लग्नातला कोट काढला. तो घट्ट होत होता, म्हणून त्यानं हातावर घेतला. तो, इंदूबाई आणि गजाला पहाटेच्या गाडीनं निघाले. अकोट, दर्यापूर, मग अमरावती. राजकमल चौकात इंदूबाईनं तिथला नावाजलेला गिलावडा घेतला आणि एक वेगळा बांधून घेतला.

"हा कोणासाठी?"

"सत्कार कोणाचा हाय?" इंदूबाई म्हणाली. "घरी गेल्यावर तिच्या फोटोपाशी ठेवू. अमरावतीले आली आन् गिलावडा न खाता गेली असं झालं नाई पायजे."

सभागृह थंड होतं. खुर्च्यांना पांढरे कपडे घातलेले. आरती नावाची एक बाई माईकवर बोलत होती, गोड आवाजात, आणि तिनं नाव घेतलं. "ग्रामीण भागातली आपली लाडकी लेखिका, वर्षभरात एकही दिवस न चुकलेली... सत्यवतीताई, या ना!"

टाळ्या सुरू झाल्या. गजाला उठली. मागून चंद्रभान, कोट हातावर. गजाला मंचावर चढली, माईकपाशी गेली, आणि तिथं तिनं तेच केलं जे तिच्या टोळीतली कोणतीही बाई कामाला लागण्याआधी करते. मोठ्यानं सांगितलं.

"मी गजाला. सत्यवतीची बदली."

टाळ्या चालूच होत्या. आरतीला वाटलं ओळख करून देते आहे. "हो हो, म्हणजे ताई आल्या नाहीत का?"

"ताई वारल्या. दसऱ्याच्या आधी. ते त्यायचे मालक."

टाळ्या बंद झाल्या. सगळ्या एकदम नाही. मागच्या रांगेतला एक जण जरा वेळ वाजवतच राहिला.

"अहो, पण," आरती हसायचा प्रयत्न करत होती, "परवाच तर त्यांनी किती सुंदर लिहिलंय..."

"परवा इंदूकाकूनं लिहिलं. त्या तिथं बसल्या हायेत. खाली नाव हाय त्यायचं."

मग तुमचे मोठे सर उठले. खादीचा झब्बा, चष्मा दोरीला. माईक आरतीच्या हातातून घेतला. त्यांना राग आला होता, पण तो दुःखासारखा करून ते बोलले.

"हे फार वेदनादायक आहे. मृत व्यक्तीच्या नावानं इतके महिने लेखन? हा आमच्या विश्वासाचा घात आहे. सातत्य ही साधना असते. तुम्ही ती फसवणुकीनं मिळवलीत."

"फसवलं कसं, सर? रोज खाली लिहिलं ना आमी."

"रोज हजारो लोक लिहितात. प्रत्येक ओळ वाचणं शक्य नसतं."

"पण ती वारली त्या दिवशी तुमी बदाम टाकला होता," गजाला म्हणाली. "सलाम लिहिलं होतं. उद्या वाट पाहतो लिहिलं होतं. तेबी न वाचता?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खाली कोणीतरी खाकरलं. कोणीतरी हसलंसुद्धा.

इंदूबाई खुर्चीवरूनच उभी राहिली. तिला माईक लागत नाही. "मी मुकादमीण हाये, साहेब! माह्या टोळीत कोण आलं, कोण नाई, थे मी तोंड पाहून सांगते. तुमी काय पाहून हाजरी लावता?"

"नियम सर्वांना सारखे आहेत," सर म्हणाले, आणि आरतीला पुढचं नाव घ्यायची खूण केली.

चंद्रभाननं सरांच्या जवळ जाऊन, हात जोडून नाही, नुसतंच विचारलं, "बिल्ला नका देऊ. तिनं सोताच्या हातानं लिहिलं थे तर पुस्तकात येईन ना?"

सर म्हणाले, "पाहू."

त्या एका शब्दावर तो माणूस दिवसभराचा थकवा विसरला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तो म्हणाला, "पाहू मनले. नाई तर नाई मनले." इंदूबाई गिलावड्याचा पुडा मांडीवर धरून पेंगत होती. दर्यापूर यायचं होतं. गजालाच्या फोनवर तुमचा निरोप आला. नियमभंगामुळे हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. तिनं उघडायला पाहिलं. उघडेना. सत्यवतीचं नाव टाकून शोधलं. अशी कोणी लेखिका नाही, असं आलं. डाळ नाही, आडोसा नाही, पहिली ओळ नाही. मेल्यावर लिहिलेलंही नाही आणि जिवंतपणी लिहिलेलंही नाही. बदलीनं लिहिलेलं काढलं असतं तर एक वेळ समजलं असतं. तुम्ही तेवढं वेगळं करायचेही कष्ट घेतले नाहीत, कारण वेगळं करायला वाचावं लागलं असतं.

बाहेर दिवे लागायला लागले होते.

"गजाला," चंद्रभान म्हणाला, "दिवेलागण झाली ना? वाच मंग. लग्न लय जवळ आलं आता."

"आज रेंज नाई, भाऊ."

या सगळ्या वर्षात ती एकच खोटं बोलली, ते हे.

दुसऱ्या दिवशी खरं सांगावं लागलं. चंद्रभाननं पायरीवरच ऐकलं. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "म्हणजे लग्नाचं गेलं?" मग वहाणा घातल्या आणि गेला. पुन्हा ओट्यावर आला नाही.

तुमच्या तक्रारपेटीत गजालानं लिहिलं, फोन लावले, नईमनं अमरावतीच्या एका ओळखीच्याला तुमच्या दारात पाठवलं. दार बंद. नईम म्हणाला, "छोड ना बाजी, त्या लोकांना काय फरक पडतो?" गजालानं सोडलं नाही. तिनं तुमच्याकडं नवं खातं उघडलं, स्वतःच्या नावानं. पहिल्या दिवशी एकच ओळ लिहिली. 'सत्यवतीनं लिहिलेलं कुठं आहे?'

पडद्यावर गोल चकती आली, तिच्यात हिरवा कोंब. अभिनंदन, तुम्ही अंकुर झालात.

दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशी तीच. ताप आला त्या दिवशी खुर्शीदबीनं लिहिली. टोळी निंदणावरून उशिरा सुटली त्या दिवशी सुभद्रानं चालता चालता लिहिली. गजाला रोपटं झाली. मग फुलोरा झाली. खाली लोक लिहितात, 'खूप छान, लिहीत राहा.' 'प्रश्न मनाला भिडला.' आणि तुमचा लाल बदाम, रोजचा. आता फार दिवस उरले नाहीत. ती अखंड होणार आहे, त्याच एका ओळीवर, आणि तुम्ही तिला अमरावतीला बोलावणार आहात. ती येईल. पूर्ण टोळी येईल.

पण त्याच्या आधी इथं बोला. सत्यवतीनं लग्नाबद्दल लिहिलेलं गावात कोणी वाचलेलं नाही. गजालानं वाचलं नाही, शब्द दिला होता म्हणून. चंद्रभाननं ऐकलं नाही, पाळी आली नव्हती म्हणून. ते एका फोनमधून निघालं आणि तुमच्याकडं आलं, तिसरीकडं कुठंच गेलं नाही. बाईनं नवऱ्यासाठी लिहिलं होतं आणि लिहून एकटीच हसली होती. तो माणूस अजून जिवंत आहे, भोकरखेडात आहे, आणि दिवेलागणीला घराचं दार लावून बसतो.

काय लिहिलं होतं तिनं? कुठं ठेवलं आहे तुम्ही ते?